मंगळाला घाबरून स्थळ मोडू नका

तुळशीची लग्नं झाली की आपल्या बोरगावात स्थळांची ये-जा सुरू होते. निपाणी, चिकोडी, कागल, इचलकरंजीकडून पाव्हणे येतात. कांदेपोहे होतात. मुलगी पसंत पडते. मुलाची नोकरी नाहीतर रान पसंत पडतं. मग पत्रिका दाखवली जाते आणि निरोप येतो, ‘मुलीला मंगळ आहे.’ बोलणी तिथंच थांबतात.

असा निरोप ज्यांना आला आणि असा निरोप जे धाडायच्या बेतात आहेत, त्या दोन्ही घरांशी मला बोलायचं आहे.

आधी पत्रिकेत मंगळ कसा धरतात ते समजून घ्या. पत्रिकेला बारा घरं असतात. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ आला की मंगळ आहे म्हणतात. बारांतली पाच घरं झाली. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून मंगळ रोज या बाराही घरांतून फिरून येतो. एकेका घरात साधारण दोन तास. म्हणजे दिवसाच्या २४ तासांतले सुमारे १० तास तो या पाच घरांत असतो. त्या वेळात जन्मलेलं प्रत्येक मूल मंगळाचं ठरतं.

हिशेब करा. शंभर माणसांत चाळीसच्या आसपास लोकांना मंगळ निघणार. आपल्या गल्लीतली घरं डोळ्यांसमोर आणा. मंगळामुळं जोडीदार अकाली जातो म्हणतात, तर इतक्या घरांत नवरा किंवा बायको अकाली गेली आहे का? ज्यांनी कधी पत्रिकाच केली नाही, त्या आपल्या आजी-आजोबांचे संसार कसे झाले? काही तर चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ मोजतात. तसं मोजलं तर गावातल्या बहुतेकांना मंगळ निघेल.

आपण सीमेवर राहतो, म्हणून एक गोष्ट आपल्यालाच जास्त कळते. आपले कन्नड शेजारी याला कुजदोष म्हणतात. दक्षिणेकडचे बरेच ज्योतिषी दुसरं घरही दोषाचं धरतात. आपल्याकडे ते सहसा धरत नाहीत. समजा, एका मुलीचा मंगळ दुसऱ्या घरात आहे. तिची पत्रिका कोल्हापूरकडच्या गुरुजींना दाखवली तर ती निर्दोष. तीच पत्रिका धारवाडकडे दाखवली तर दोषाची. मुलगी तीच, आकाशातला मंगळही तोच. मग दोष कुठं आहे, याचा तुम्हीच विचार करा.

जन्मवेळेचंही तसंच. पहिलं घर कुठलं, ते जन्मवेळेवरून ठरतं. मूल जन्मतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडं आणि बाळंतिणीकडं असतं, आणि असायलाच हवं. घड्याळात नंतर कुणीतरी बघतं. दहा-पंधरा मिनिटं इकडची तिकडं झाली तरी मंगळ शेजारच्या घरात जाऊ शकतो. एवढ्यावर एका मुलीचं आयुष्य टांगायचं का?

पत्रिका खरी ठरते का, हे आपल्या माणसांनी नीट तपासून पाहिलं आहे. डॉ. जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले. जगभर मान मिळवलेला हा खगोलशास्त्रज्ञ. २००८ साली त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांना सोबत घेऊन एक चाचणी केली. घाटपांडे एके काळी स्वतः ज्योतिष बघत. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्या मिसळून ज्योतिषांकडं पाठवल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलं कुठली ते सांगा. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. त्यातली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी निम्मी बरोबर आली असती.

मूल हुशार आहे की मतिमंद, एवढं ढोबळही पत्रिकेवरून कळलं नाही. मग नवरा किती वर्षं जगेल हे कसं कळणार? नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांनी केलेली ही चाचणी मात्र प्रत्येक लग्नघराला माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता खरा मंगळ कसा आहे ते ऐका. तो पृथ्वीच्या साधारण निम्म्या रुंदीचा एक गोळा आहे. वजन पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश. जमिनीत लोखंडाचा गंज आहे, म्हणून तो तांबडा दिसतो. तिथला दिवस आपल्यापेक्षा फक्त सुमारे ४० मिनिटांनी मोठा. वर्ष मात्र आपल्या ६८७ दिवसांचं. त्याला फोबोस आणि डिमोस असे दोन छोटे चंद्र आहेत. थंडी इतकी की सरासरी उणे ६० अंशांच्या आसपास. अगदी जवळ येतो तेव्हाही तो आपल्यापासून साडेपाच कोटी किलोमीटर लांब असतो. चिकोडीच्या मुलीचं आणि कागलच्या मुलाचं काय चाललं आहे, हे त्याला ठाऊक नाही.

आपण तर त्याच्या दारात जाऊन आलो आहोत. ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोटाहून मंगळयान सुटलं. तो वारही मंगळवारच होता. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाभोवती फिरू लागलं. पहिल्याच प्रयत्नात. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. यानाला आज्ञा जात होत्या त्या आपल्याच राज्यातून, बेंगळुरूहून. ते काम करणाऱ्यांत नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधाल या बायका पुढं होत्या. लेकीबाळींनी मंगळापर्यंत यान नेलं. त्याच मंगळाच्या नावानं आपण लेकीला नाकारायचं, हे मला पटत नाही.

शनीचंही थोडक्यात सांगतो, कारण साडेसातीचा धसका पुष्कळ घरांत असतो. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणून तो एका राशीत अडीच वर्षं दिसतो. साडेसाती तीन राशींना मिळून असते. बारांतल्या तीन म्हणजे पाव गाव कायम साडेसातीत. उसाचं बिल थकलं की ते साडेसातीमुळं नाही. पाव गावाचं नाही, सगळ्यांचंच थकतं. शनिवारी मारुतीला तेल घालायचं तर जरूर घाला. श्रद्धेला माझं काही म्हणणं नाही. पण साडेसातीच्या भीतीनं कर्ज काढून नीलमची अंगठी करू नका.

मग घरात काय करायचं?

मुलीच्या आई-बापांनो, मंगळ निघाला म्हणून पोरीसमोर कपाळाला हात लावू नका. ती ऐकत असते. ‘तुझ्यामुळं’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

खोटी पत्रिका करून घेऊ नका. तसं करणारी घरं आहेत. पुढं ते उघडं पडलं की सासरी रोज ऐकावं लागतं ते मुलीलाच. त्यापेक्षा आधीच स्पष्ट सांगा, आम्ही पत्रिका बघत नाही.

आधी घागरीशी लग्न लावा, मग दोष जाईल, असं कुणी सांगितलं तर नाही म्हणा. पैसे जातातच, पण मुलीच्या मनाला लागतं ते जन्मभर राहतं.

दोन्हीकडच्यांनो, बघायचंच असेल तर जे खरोखर संसारात येतं ते बघा. मुलगा पितो का? कर्ज किती आहे? मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण आहे का? दोघांनी एकमेकांशी निवांत बोलून होकार दिला आहे का? लग्नाआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करून घ्या. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार आई-बाप दोघांकडून मुलात उतरू शकतो, आणि तो तपासणीत कळतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. नात्यात लग्न असेल तर आधी डॉक्टरांना भेटाच.

आणि घरातल्या पोरांना खरा मंगळ दाखवा. फेब्रुवारी २०२७ मध्ये तो संध्याकाळी पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल. तेव्हा तो सुमारे १० कोटी किलोमीटर लांब असेल. सिंह राशीत, तांबूस, ताऱ्यासारखा लुकलुक न करणारा. जवळच त्याच्यापेक्षा तेजस्वी गुरू असेल. गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात दोघं. आजीलाही वर न्या. जी मंगळाला आयुष्यभर नुसती भ्याली आहे, तिनं तो एकदा बघितलेला बरा.

एखादं स्थळ फक्त मंगळासाठी अडून बसलं असेल, तर आज घरात सगळ्यांनी बसा. बाकी सगळं जुळत असेल तर होकार कळवा. मुलीकडचे फोनची वाट बघत असतील.