आकड्यांमागचा प्रश्न आणि आपला दवाखाना

स्त्रियांवरील हिंसाचाराचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांशी डॉक्टर बोलू लागला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘प्रमाण किती?’ संशोधकाचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : ‘कोणी, कोठे आणि कोणत्या शब्दांत विचारले, त्यावर ते अवलंबून आहे.’ वरवर पाहता ही टाळाटाळ वाटते. परंतु आपल्या व्यवसायाने या संशोधनातून जे शिकावे, त्याचे सार याच उत्तरात आहे, असे माझे मत आहे.

आपण बेळगावकर तीन राज्यांच्या सीमेवर राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पतीकडून कधी ना कधी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण कर्नाटकात सुमारे ४४ टक्के, महाराष्ट्रात २५ टक्के आणि गोव्यात ८ टक्के आढळले. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) कर्नाटकाचा आकडा सुमारे २१ टक्के होता. राज्याराज्यांतील परिस्थितीचा काही फरक खरा असेलही. पण चोर्ला घाट उतरताच पुरुषाचा स्वभाव पालटतो, किंवा चार-पाच वर्षांत एका राज्यातील हिंसा दुपटीने वाढते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मारहाण वाढली की ती सांगणे वाढले, हा प्रश्न नुसत्या आकड्याकडे पाहून सुटत नाही.

म्हणूनच या क्षेत्रातील संशोधकांनी ‘विचारणे’ हेच एक शास्त्र बनविले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अशा संशोधनासाठी सुरक्षिततेचे व नैतिकतेचे नियम प्रसिद्ध केले. मुलाखत पूर्ण एकांतात व्हावी, एका घरातील एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारावेत, अभ्यासाचा खरा विषय घरातील इतरांना कळू नये, मध्येच कोणी आले तर मुलाखतकार स्त्रीने लगेच दुसऱ्या साध्या विषयाकडे वळावे, अशी त्यांत दक्षता आहे. प्रश्नही नेमके असतात. ‘तुमच्यावर अत्याचार होतो का?’ असे विचारले तर ‘नाही’ असेच उत्तर येते. ‘कधी थप्पड मारली? ढकलले? गळा दाबला?’ असे एकेक विचारले की उत्तर बदलते. या पद्धतीने दहा देशांतील चोवीस हजारांहून अधिक स्त्रियांशी बोलून संघटनेने २००५ साली अहवाल दिला. त्यात अनेक स्त्रियांच्या बाबतीत मुलाखतकार हीच त्यांचे दुःख ऐकणारी पहिली व्यक्ती ठरल्याचे दिसले.

आता हा मापदंड आपल्या दवाखान्याला लावून पाहावा. रुग्ण स्त्री आत येते ती सासूबरोबर किंवा नवऱ्याबरोबर. ‘काय होतंय?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा सोबतचे माणूस देते. बाहेर बाकांवर माणसे दाटीवाटीने बसलेली, मध्ये कापडी पडदा. ‘मोरीत पाय घसरला’ हे आपण केसपेपरवर लिहून घेतो आणि डोकेदुखीची, निद्रानाशाची, वारंवार येणाऱ्या ओटीपोटातील दुखण्याची औषधे लिहून देतो. उपर्युक्त पाचव्या सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती. त्यांतील बहुतेकींनी ती माहेरी मागितली. डॉक्टरांचे स्थान त्या यादीत अगदी तळाशी आहे. शरीरावरचे वळ ज्याला सर्वांआधी दिसतात, त्यालाच ते कोणी सांगत नाही, ही वस्तुस्थिती आपल्या व्यवसायाला भूषणावह नाही.

आपल्यासारख्या पिढ्यान्पिढ्या स्थिरावलेल्या समाजात याचे आणखी एक कारण आहे. येथे डॉक्टर हा नुसता डॉक्टर नसतो. तो मंडळाचा कार्यवाह असतो, गणेशोत्सवाच्या समितीवर असतो, लग्न जमविताना त्याचा शब्द घेतला जातो. सुनेचा रक्तदाब जो तपासतो, तोच सासऱ्यांचा मधुमेहही पाहतो. ‘फॅमिली डॉक्टर’ या शब्दाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण त्या सुनेच्या मनात एकच शंका असते : हे काकांच्या कानावर जाईल का? या शंकेचे निरसन जोवर आपण शब्दांनी आणि वर्तनाने करीत नाही, तोवर घरोब्यामुळेच तिचे तोंड बंद राहणार.

यावर आपले काही सहव्यवसायी म्हणतील की ही घरगुती बाब आहे, वेळ नाही, आणि उगाच कोर्टकचेरी मागे लागेल. त्यांतील वेळेची अडचण खरी आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट प्रत्येक स्त्रीला विचारावे असे म्हटलेले नाही. न जुळणाऱ्या कारणाची इजा, कारण न सापडणारी जुनाट वेदना, नैराश्य, आत्मघाताचा विचार, पुनःपुन्हा होणारे लैंगिक संसर्ग, सल्ल्याच्या वेळी क्षणभरही बाजूला न होणारा नवरा, अशा खुणा दिसल्या तरच विचारावे. मात्र एकांतात आणि तयारीनिशी. विचारल्यावर ऐकावे, दोष देऊ नये, तिच्या सुरक्षिततेची चौकशी करावी आणि पुढील मदतीशी जोडून द्यावे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडविण्याचा आपला आवडता उपाय येथे घातक ठरू शकतो, कारण बोलल्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते.

कायद्याची भीतीही अनाठायी आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा (२००५) पीडितेने मागितल्यास वैद्यकीय मदत देण्याचे कर्तव्य सांगतो, आणि त्याखालील नियमांनुसार तपासणी अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यावी लागते. नीट लिहिलेला केसपेपर हा पुढे तिचा सर्वांत भक्कम साक्षीदार ठरू शकतो.

हे केवळ कागदावरचे नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि ‘सेहत’ या संशोधन संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले आणि समुपदेशन हा रुग्णालयाच्या कामाचा भाग बनविला. संशोधकांचे प्रश्न आणि डॉक्टरांचा दवाखाना एकत्र आल्यावर काय घडते, याचा तो आपल्याच देशातील दाखला आहे. प्रतिबंधाच्या दिशेने युगांडातील कंपाला शहरात ‘सासा’ हा प्रयोग झाला. तेथे वस्तीतीलच सामान्य माणसांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सत्तेविषयी, घरातील वर्चस्वाविषयी वर्षानुवर्षे संवाद केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या वस्त्यांत हिंसेला योग्य मानणारे कमी झालेले दिसले. वस्तीने बोलायचे ठरविले तर ‘चालायचेच’ ही वृत्ती बदलू शकते, हा त्याचा अर्थ.

आपल्या संस्थेने या वर्षी तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. प्रत्येक सदस्याने तपासणीच्या वेळी रुग्ण स्त्रीला काही मिनिटे एकटीला भेटण्याचा नियम सर्वांना सारखाच लावावा, म्हणजे कोणाला वेगळे काढल्यासारखे होणार नाही. जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी, समुपदेशक व निवारागृह यांची मराठी व कन्नड यादी तयार करून ती सदस्यांच्या टेबलाच्या खणात असावी. आणि वार्षिक व्याख्यानमालेतील एक दिवस या विषयावर काम करणाऱ्या संशोधकांसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी आपण त्यांना प्रमाण विचारू नये; कसे विचारावे, ते विचारावे.