वाऱ्यावरची यंत्रे आणि जमिनीवरचा हिशेब

रुईची म्हातारी वाऱ्यावर तरंगत दूर जाते, त्या प्रवासाचा खर्च कोणालाही करावा लागत नाही. निसर्गाची ही काटकसर यंत्रविद्येत आणण्याचा प्रयत्न अमेरिकेत सुरू आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जॉन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये पंखधारी बियांच्या धर्तीवर वाळूच्या कणाएवढी लहान उडती उपकरणे सादर केली. वॉशिंग्टन विद्यापीठाने २०२२ मध्ये डँडेलियनच्या केसाळ बीवरून सुमारे ३० मिलिग्रॅम वजनाचे साधन सिद्ध केले. मंद वाऱ्यावर ते १०० मीटरपर्यंत जाते. तापमान, आर्द्रता, दाब व प्रकाश मोजून ६० मीटरपर्यंत संदेश पाठविते. त्यात बॅटरी नाही. सूर्यप्रकाश हेच त्याचे इंधन.

या शोधाचे आर्थिक मर्म वजनात नसून मजुरीत आहे. विस्तीर्ण शेतात वा जंगलात मापनयंत्रे बसवावयाची म्हणजे प्रत्येक ठिकाणी माणूस पाठविणे आले. ड्रोनमधून हजारभर साधने एकदम सोडता आली, तर वाटपाचे काम वारा फुकट करील. आकारात थोडाथोडा फरक ठेवला की ती एकाच जागी न पडता विखुरतात. हवेचे व मातीचे मोजमाप त्यामुळे स्वस्त होईल, यात शंका नाही.

परंतु हिशेब येथे संपत नाही. बी मातीत पडले की रुजते किंवा कुजते. इलेक्ट्रॉनिक यंत्राचे दोन्ही होत नाही. विखुरलेली साधने वेचावयाची ठरविल्यास वाचलेली मजुरी पुन्हा खर्ची पडणार. न वेचल्यास तो भार माती, पाणी आणि गुरे यांच्यावर पडणार. लाभ माहिती गोळा करणाऱ्याचा आणि तोटा जमीन कसणाऱ्याचा, अशी ही विभागणी होईल. कारखान्याच्या सांडपाण्याबाबत हेच घडत आले आहे.

यावर उपाय नाही असे नव्हे. पाण्यात विरघळणारी इलेक्ट्रॉनिक मंडले रॉजर्स यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेली आहेत. मात्र अशी सामग्री महाग पडली, तर स्वस्त व टिकाऊ कचऱ्याकडेच बाजाराचा कल राहील. म्हणून अशी साधने मोठ्या प्रमाणावर सोडण्यापूर्वी ती किती दिवसांत नष्ट होतात याची कसोटी कायद्याने सक्तीची केली पाहिजे, आणि न विरणाऱ्या साधनांच्या साफसफाईचा खर्च सोडणाऱ्याकडूनच आगाऊ वसूल केला पाहिजे. पर्यावरणाच्या मोजमापाचा खर्च पर्यावरणाच्याच माथी मारणे कोणत्याही हिशेबात बसणारे नाही.