गिऱ्हाईकाने तपासलेला गृहपाठ

१७ नोव्हेंबर २०२३ला नवी मुंबई मेट्रो सुरू झाली आणि बेलापूर ते पेंधर या ११ स्थानकांच्या यादीत बेलपाडा हे नाव आले. गावाचे नाव पाटीवर राहिले हे बरेच झाले, कारण खारघरच्या सेक्टरांच्या आकड्यांत अशी पुष्कळ नावे बुडाली आहेत. याच गावाच्या आसपास निफ्टचे संकुल आहे, इंजिनिअरिंगची आणि मॅनेजमेंटची कॉलेजे आहेत. हल्ली अशा कॉलेजांत उद्योजकतेसाठी एखादा ‘सेल’ असतोच. स्पर्धा भरतात, पोरे पाच मिनिटांत स्लाइडवर कल्पना मांडतात, परीक्षक दोन प्रश्न विचारतात, पुठ्ठ्याचा भलामोठा चेक हातात धरून फोटो निघतो. या सोहळ्यात प्रायोजक असतो, प्राचार्य असतात, सूत्रसंचालकही असतो. नसते ते फक्त गिऱ्हाईक. ज्याला वस्तू हवी आहे, जो भाव पाडून मागणार आहे आणि माल बिघडला तर उद्या दारात येऊन उभा राहणार आहे, असा माणूस त्या सभागृहात कुठेच दिसत नाही. उद्योजकता शिकवायची तर धड्याची सुरुवातच त्या माणसापासून करावी लागते, हे ४० वर्षांपूर्वी एका मराठी खेड्यात करून दाखवलेले आहे. ते आपण विसरलो, हे माझ्या मते आपले शैक्षणिक नुकसान आहे.

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) हे नाव शिक्षणक्षेत्राबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी., मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम, मग हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात जवळपास दोन दशके. अशी भरभक्कम नोकरी सोडून ते चौपन्नाव्या वर्षी शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले. सोबत पत्नी मीराताई होत्या. तोवर पाबळ लोकांना माहीत होते ते मस्तानीच्या समाधीमुळे. पाऊस बेताचा, माळ खडकाळ, नाव घ्यावे असा उद्योग नाही. असे चारचौघांसारखे गाव निवडण्यात हिशेब होता. सुपीक, सधन गावात प्रयोग जमला असता तर श्रेय जमिनीला गेले असते. १९८३मध्ये, जे. पी. नाईक यांनी उभारलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली, गावाबाहेरच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू झाला. शाळेने नापास ठरवून बाहेर काढलेली मुले हे त्याचे पहिले विद्यार्थी. मुलांनी लोखंडी पाइपांच्या सांगाड्याचे घुमट बांधले आणि आश्रमाचा संसार त्या घुमटांतच थाटला गेला. स्वतःची शाळा स्वतः बांधताना बेरीज, कोन, सिमेंटचे प्रमाण आणि मजुरीचा दर या चारही गोष्टी एकदमच शिकाव्या लागतात.

कलबागांचे निरीक्षण साधे होते. मूल भाषा शिकते ती व्याकरणाचे पुस्तक वाचून नव्हे. गावातला मोटार रिवाइंड करणारा किंवा पंप दुरुस्त करणारा माणूसही बहुधा शाळेबाहेरच शिकलेला असतो. हात चालतात तेव्हा डोकेही चालते, आणि शाळेने नेमके हातच बांधून ठेवले आहेत. म्हणून त्यांनी अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग केले आणि निवासी अभ्यासक्रमात प्रत्येक मुलाने चारही विभागांतून फिरायचे असे ठरवले. खेड्यातल्या छोट्या धंद्याला एका कसबावर वर्षभर काम मिळत नाही, हे त्यामागचे व्यवहारी कारण. पण या पद्धतीतली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. मुलांनी केलेले काम कपाटात ठेवण्याचा नमुना नसायचा. ते गावाला पुरवलेली, पैसे घेऊन पुरवलेली सेवा असायचे. शेतकऱ्याला विहीर कुठे खणावी हे सांगण्यासाठी जमिनीची विद्युत-रोधकता मोजणे असो की लोखंडी फाटक करून देणे असो, पलीकडे खिशात हात घालणारा माणूस उभा असे.

फाटकाचेच उदाहरण जवळून पाहू. समजा, आठवी-नववीच्या मुलाला घराच्या फाटकाचे काम मिळाले. आधी मोजमाप. खांबाच्या आतल्या अंगाने माप घेतले पण बिजागरीची आणि कडीची फट सोडायची राहिली, तर तयार फाटक बसणार नाही. मग कॉस्टिंग. अँगल आणि पट्टी वजनावर मिळते, म्हणून फुटांचे किलोत रूपांतर. कापताना उरलेले तुकडे भंगारात जाणार, म्हणजे त्यांचा भार भावात धरायचा. वेल्डिंगचे रॉड, कटिंग व्हील, रेड ऑक्साइड, रंग, वीज, टेम्पोचे भाडे. स्वतःची मजुरी लावायला मुले हमखास विसरतात, आणि मशीनचा घसारा तर मोठी माणसेही विसरतात. एवढे करून आकडा सांगितला की गिऱ्हाईक म्हणते, ‘बाजारात यापेक्षा स्वस्त मिळते.’ आता नफ्यातले किती सोडायचे, की काम जाऊ द्यायचे? हा प्रश्न एमबीएच्या वर्गात ‘प्रायसिंग’ या नावाने येतो, पण तिथे चुकले तर दोन गुण जातात. इथे फाटक परत येते आणि दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे पैसे कोणी देत नाही. चित्रकलेसारखे ड्रॉइंग आणि गणितासारखे कॉस्टिंग हे अभ्यासक्रमाचे अधिकृत भाग असावेत, हा कलबागांचा आग्रह यातूनच समजतो.

उद्योजक जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असे मराठी घरांत अजूनही बोलले जाते आणि पुढे गुजराती-मारवाड्यांचा दाखला येतो. हा समज खोडण्याइतका पुरावा आहे, तोही आपल्याच देशातला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापारी-उद्योजकांना हैदराबादला बोलावून थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले. न आलेल्यांच्या तुलनेत या मंडळींनी पुढे अधिक गुंतवणूक केली, अधिक माणसे कामाला लावली. म्हणजे शिकवता येते. पण काय शिकवायचे? २०१७मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात टोगो या आफ्रिकी देशातला प्रयोग प्रसिद्ध झाला. १,५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले होते. एका गटाला हिशेब, विपणन वगैरे नेहमीचा अभ्यासक्रम शिकवला, दुसऱ्याला स्वतः पुढाकार घेण्याची, अडथळ्याशी झुंजण्याची सवय लावणारे प्रशिक्षण दिले, तिसऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या गटाचा नफा तिसऱ्याच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या अभ्यासक्रमाने झालेली वाढ ११ टक्क्यांच्या आसपास होती, आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर भरवशाची ठरली नाही. पाबळचे काम या कसोटीवर कोणी तोलून पाहिलेले नाही, हे मान्य. पण तिथला फाटकाचा धडा या दोनांपैकी कोणत्या प्रशिक्षणाजवळ जातो, हे वाचकाला वेगळे सांगायला नको.

आता बेलपाड्याकडे येऊ. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७०ची. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाच्या हातून उत्पादनाचे साधनच निघून गेले. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे विकसित भूखंडाचा साडेबारा टक्क्यांचा हिस्सा मिळण्याचा मार्ग खुला झाला. तो हक्क होता, उपकार नव्हता. पण त्या सगळ्या धोरणात एक गृहीत दडलेले होते: भूखंड दिला, पैसा दिला की माणूस आपोआप नव्या अर्थव्यवस्थेत उभा राहतो. ज्यांना कंत्राटाची, बांधकाम साहित्याच्या पुरवठ्याची वाट सापडली ते उभे राहिलेही, आणि त्यांच्या धडाडीला कोणी बिझनेस स्कूल कारणीभूत नव्हते. बाकीच्या अनेकांच्या हाती चाळीचे, खोल्यांचे भाडे तेवढे राहिले. भाडे हे उत्पन्न असते, कसब नसते. पुढच्या पिढीत वाटण्या झाल्या की तेही आटते. भांडवल आहे, गिऱ्हाईक दाराशी आहे, मधला शिक्षणाचा दुवा तेवढा नाही, अशी ही विचित्र परिस्थिती आहे. पाबळला नेमके उलटे होते. तिथे भांडवल नव्हते, गिऱ्हाईकही गरीब होते.

या विचारावर सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या हातोडाच दिला गेला, त्यांच्या मुलांच्या हातात पहिल्यांदा पुस्तक आले, तर तुम्ही पुन्हा वेल्डिंग मशीन देता? १९३७च्या वर्धा योजनेपासून, म्हणजे गांधीजींच्या नई तालीमपासून, हा सवाल विचारला जातो. हाताचे शिक्षण फक्त गावठाणातल्या सरकारी शाळेत ठेवले आणि टॉवरमधल्या आंतरराष्ट्रीय शाळेत रोबोटिक्सचा महागडा क्लास चालवला, तर आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. कलबागांची मांडणी मात्र सगळ्या मुलांसाठी होती. पाबळ परिसरातल्या नेहमीच्या माध्यमिक शाळांत त्यांनी आठवी ते दहावीला आठवड्यातला एक दिवस मूलभूत तंत्रज्ञानाला मिळवून दिला. हाच ‘आयबीटी’, म्हणजे ‘इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी’. राज्य मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यताही दिली. बाकीचे दिवस विज्ञान, गणित, भाषा. विज्ञानातला ओहमचा नियम आणि घरातले वायरिंग यांची गाठ पडली तर विज्ञानच पक्के होते. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांनी आपल्या फॅब लॅबची, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवणाऱ्या छोट्या कार्यशाळेची, कल्पना विद्यापीठाच्या परिसराबाहेर नेली, तेव्हा पहिल्या ठिकाणांत पाबळचा माळ होता. २००५च्या आपल्या ‘फॅब’ या पुस्तकात त्यांनी कलबागांविषयी लिहिले आहे. शाळेने नाकारलेल्या मुलांना दुय्यम शिक्षण देणारी जागा म्हणून कोणी एमआयटीहून पाबळला येत नाही.

दुसरा आक्षेप आकाराचा. यातून वर्कशॉपवाले निघतील, पोल्ट्रीवाले निघतील. इन्फोसिस कशी निघणार? नाही निघणार, आणि निघावी अशी अपेक्षाही नको. चार माणसांना काम देणारी दुकाने तालुक्यात शंभर झाली तर त्या तालुक्यातली पोरे मुंबई-पुण्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी राहत नाहीत, एवढे मला पुरेसे वाटते. मात्र याच आक्षेपाची दुसरी बाजू जास्त टोचते: ४० वर्षांत हे पसरले किती? संस्था कलबागांच्या पश्चात टिकली, वाढली, आयबीटी पाबळबाहेरच्या शाळांत गेला. पण राज्यातल्या हजारो माध्यमिक शाळांपुढे ती संख्या तुटपुंजीच म्हणावी लागेल. याचे खापर कलबागांच्या एकटेपणावर फोडता येणार नाही. कारण बरेचसे शिक्षकाच्या नेमणुकीत आहे. या विषयाचा शिक्षक स्वतः धंदा करणारा गावातला कारागीर हवा, ही कल्पना आपल्या वेतनश्रेणीत, पदवीच्या अटीत आणि संचमान्यतेत बसत नाही. उत्तम फॅब्रिकेटरकडे बी.एड. नसते, आणि बी.एड. झालेल्याने आयुष्यात एकदाही कोटेशन दिलेले नसते. सरकारने विषयाला मान्यता दिली, पण तो शिकवणाऱ्या माणसाला दिली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने हाच सूर लावला आहे. सहावी ते आठवीत दप्तराविना दहा दिवस, आणि २०२५पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा अनुभव. २०२५ उलटून गेले. आपल्या घरातल्या मुलाला असा अनुभव मिळाला का, हे प्रत्येक पालकाने स्वतःच तपासावे. त्यातून वर्षातले दहा दिवस आणि आठवड्यातला एक दिवस यांतला फरक नुसता गुणाकाराचा नाही. दहा दिवसांत मूल कुंभाराकडे जाऊन मडके बघून येते. वर्षभर दर आठवड्याला तेच काम केले की मडके तडकते, परत येते, आणि का तडकले याचा शोध सुरू होतो.

उरतो तिसरा आक्षेप: बेलपाडा म्हणजे पाबळ नव्हे. इथे शेती उरली नाही, विमानतळ आला, घुमट बांधून घेणार कोण? खरे आहे, म्हणूनच अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. पण त्यातली रीत उचलता येते. खारघरच्या सोसायट्यांना गळके नळ, एसीची सर्व्हिसिंग, गच्चीवरचे सोलर पॅनेल, पर्जन्यजल संधारण, ओल्या कचऱ्याचे खत, वॉटरप्रूफिंग या कामांना भरवशाचा माणूस मिळत नाही, ही रोजची तक्रार आहे. मासळी टिकवणे, सुकवणे, पॅक करणे हे इथल्या मुलांच्या घरातले ज्ञान आहे. आणि कलबाग मुळात अन्नतंत्रज्ञ होते, हे इथे आठवावे. पनवेल महापालिका २०१६पासून आहे. गावठाणातल्या एखाद्या शाळेत आठवी-नववीचा एक दिवस या कामाला द्यायला, आणि परिसरातल्या कारागिरांना तासाच्या मानधनावर बोलवायला मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. आजूबाजूच्या कॉलेजांच्या उद्योजकता सेलनीही पुठ्ठ्याच्या चेकचे पैसे वाचवून या मुलांना हिशेब आणि ड्रॉइंग शिकवायला आपले विद्यार्थी धाडावेत. त्यात शिकतील ते बहुधा कॉलेजचेच विद्यार्थी. सुरुवातीला शाळेतली एक रिकामी खोली, एक वेल्डिंग मशीन आणि हत्यारांची एक पेटी पुरते. पहिली ऑर्डर मात्र आसपासच्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीने द्यायची आहे, आणि काम झाल्यावर बिल वेळेवर चुकते करायचे आहे.