अग्नी आणि शुद्धीचा सोपा सिद्धांत

अग्नीविषयी अलीकडे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. अग्नी म्हणजे शुद्धी. तो मळ जाळतो, अहंकार जाळतो, सर्व धर्मांनी त्याला पूजले ते याच एका कारणासाठी, आणि समिधा, आहुती वगैरे केवळ टरफल होय, असा त्याचा आशय आहे. एवढ्याने कोणाचे समाधान झाले नाही, तर होमाच्या धुराने हवेतील जंतू मरतात, हेही जोडीला सांगितले जाते. एका वाक्यात सर्व धर्म आणि दुसऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र उरकणारी ही मांडणी सोयीची आहे खरी, पण ती विधींच्या पुराव्यापुढे टिकत नाही.

धुराने जंतू मरोत वा न मरोत, आहुती कोणाला आणि का दिली जाते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. तेव्हा तो मुद्दा येथेच सोडलेला बरा.

खरा दोष शुद्धीच्या सिद्धांतातच आहे. अग्नी स्वभावतःच शुद्ध करणारा असेल, तर ज्या वैदिक आणि जरथुश्त्री परंपरांनी त्याला एवढा मान दिला, त्यांचे मृतदेहाविषयीचे आचार एकमेकांच्या नेमके उलट का, हे या मताला सांगता आले पाहिजे. वैदिक परंपरा प्रेत अग्नीच्या स्वाधीन करते. जरथुश्त्री परंपरेत अग्नीला प्रेताचा स्पर्श होणे हेच पाप, आणि म्हणून पारशी समाजात दोखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याची वास्तू, रूढ झाली. १७४२पासून उदवाड्यात असलेल्या इराणशाह या आतशबेहरामात, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या अग्निमंदिरात, अग्नीची सेवा करणारा धर्मगुरू आपल्या श्वासाने तो विटाळू नये म्हणून तोंडावर पदान हे पांढरे वस्त्र बांधतो. शिवाय असा अग्नी सिद्ध करताना चिता, कुंभाराची भट्टी, वीज अशा सोळा प्रकारचे अग्नी आणून ते आधी विधिपूर्वक शुद्ध करावे लागतात. जो सर्वांना शुद्ध करतो त्यालाच शुद्ध करावे लागते, ही अडचण प्रतिपक्षाला जाणवत नाही, कारण ‘सर्व धर्म’ एवढे म्हटले की एकाही धर्माचा विधी पाहण्याची तसदी उरत नाही. वैदिक बाजूही त्याच्या मदतीला येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सोळाव्या सूक्तात, जे अंत्यविधीचे आहे, मृताला पूर्णपणे जाळून टाकू नये, तर पितरांकडे पोहोचवावे, अशी अग्नीची विनवणी आहे. आणि पुढे क्रव्याद, म्हणजे मांस खाणारा अग्नी, दूर घालवून हवी वाहून नेणाऱ्या जातवेदाला जवळ ठेवले आहे. जाळणे हाच अग्नीचा सारा अर्थ असता, तर ही विनवणी निरर्थक ठरली असती.

थंड प्रदेशातील माणसांनी उबेसाठी अग्नी पूजला, हा जुना तर्कही अधूनमधून डोके वर काढतो. अग्निहोत्राचे, म्हणजे रोज अग्नीत आहुती देण्याचे, विधान वैशाखातही सुटत नाही, हे तो तर्क करणाऱ्यांच्या ध्यानात कसे आले नाही, हे त्यांनाच ठाऊक.

मग अग्नीचा अर्थ काय? वैदिक विधींपुरते बोलायचे तर तो वाहक आहे, देवांचे मुख आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो सांभाळावा लागणारा घरातला घटक आहे. आहिताग्नी, म्हणजे विधिपूर्वक अग्नीची स्थापना केलेला गृहस्थ, गार्हपत्य, म्हणजे गृहस्वामीचा, अग्नी राखतो, सकाळ-संध्याकाळ दुधाची आहुती देतो आणि मृत्यूनंतर त्याच अग्नींत दग्ध होतो. महाराष्ट्रात अमंगळ जाळण्यासाठी पेटवल्या जाणाऱ्या होळीलाही पुरणपोळीचा नैवेद्य लागतोच. अग्नी माणसाकडून घेतो, पोहोचवतो आणि राखला जातो; शुद्धी हा या संबंधाचा एक परिणाम म्हणून मान्य करता येईल, पण संबंधाच्या जागी त्याला बसवता येणार नाही.