संगणक जागा होतो तेव्हां

डोंबारी कितीही कसलेला असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढून उभें राहतां येत नाहीं. बटन दाबतांक्षणीं संगणकापुढें हेंच कोडें उभें राहतें. प्रोग्रॅम साठवणींतून स्मृतींत आणावयाचा, तर तें काम करणारा दुसरा प्रोग्रॅम तेथें आधींच हवा. आणि वीज बंद होतांच ती स्मृति तर कोरी झालेली असते! इंग्रजींत या क्रियेस 'बूट' हें नांव पडलें तें बुटांचे पट्टे ओढून स्वतःस वर उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून.

१९७५ सालच्या आल्टेअर ८८०० चा धनी हें कोडें बोटांनीं सोडवी. दर्शनी भागावरील खटके वरखालीं करून पहिल्या आज्ञा तो स्वतःच भरी. १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी.मध्यें त्या आज्ञा विजेवांचूनही टिकणाऱ्या चिपेंत कोरलेल्या होत्या. ही चिप यंत्राची तपासणी करून तबकडीवरील पहिला, अवघा ५१२ बाइटांचा तुकडा स्मृतींत आणी. तो तुकडा आपल्याहून मोठ्यास बोलावी, आणि अखेर ऑपरेटिंग सिस्टिम सिंहासनावर बसे.

आज या द्वारावर 'सिक्युअर बूट' नांवाचा पहारेकरी असतो. ओळखीची सही नसलेल्या प्रोग्रॅमास तो आंत सोडीत नाहीं. सर्वांच्या आधीं शिरणारा चोर मागाहून पकडणें कठीण, म्हणून पहारा योग्यच. परंतु कोणाची सही ओळखावी, हें ठरवावें कोणीं? बहुतेक पी.सी.मध्यें मालकास पहारा उठवितां येतो. पुष्कळशा मोबाइलांत तशी सोयच नसते. पैसे आपण मोजावे आणि किल्ली विकणाऱ्यानें ठेवावी, हा व्यवहार मला मान्य नाहीं.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा संपला, आणि कित्येक धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. शाळांनीं ते भंगारांत कां काढावे? पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून त्यांतील पुष्कळ यंत्रें आणखी कांहीं वर्षें चालवितां येतील. त्यासाठीं सुरुवातीच्या सेटिंगांत जाऊन, कोणत्या साधनावरून प्रथम सुरू व्हावयाचें तो क्रम तेवढा बदलावा लागतो. पण आमचा संगणकाचा तास पडदा उजळल्यावरच सुरू होतो! त्या सेटिंगांत शिरण्याची कळ कोणती, हें दाखविण्यास शिक्षकांस पांच मिनिटेंही लागणार नाहींत.