रद्द झालेला प्रयोग आणि प्रेक्षकाचा रोष

प्रयोग रद्द झाल्यावर प्रेक्षक कोणावर रागावतो, हा प्रश्न वरवर पाहता तिकीटखिडकीपुरता वाटतो. वस्तुतः तो नाट्यसमीक्षेचाही प्रश्न आहे. प्रयोग कोण घडवितो आणि प्रेक्षक नेमका कशाचा आस्वाद घेतो, याविषयीच्या आपल्या रूढ कल्पना त्या रोषातून उघड होतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील रंगमंच कामगारांनी २००७ साली केलेला संप या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

हा संप १० नोव्हेंबर २००७ रोजी, शनिवारी सकाळी सुरू झाला. 'लोकल वन' ही कामगारांची संघटना १८८६ मध्ये स्थापन झालेली. ब्रॉडवेच्या निर्मात्यांविरुद्ध तिने केलेला हा पहिलाच संप होय. २५ हून अधिक नाट्यगृहे अंधारली. करार वेगळे असल्यामुळे केवळ आठ नाटके चालू राहिली. नटांच्या संघटनेचे सभासद संपकऱ्यांना डावलून आत गेले नाहीत. २८ नोव्हेंबरच्या रात्री तडजोड झाली व दुसऱ्या दिवशी पडदे पुन्हा उघडले. नवे नाटक नाट्यगृहात उभारताना किमान किती कामगार किती काळ घ्यावेत, हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता. काम नसलेल्या माणसांनाही पैसे द्यावे लागतात, असे निर्माते म्हणत. अनिश्चित धंद्यात ही किमान संख्या हीच उपजीविकेची हमी आहे, असे संघटनेचे म्हणणे होते.

संपाच्या पहिल्या सकाळीच 'ग्रिंच' या बालप्रिय संगीतिकेचा खेळ रद्द झाला आणि मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांना नाट्यगृहाच्या दारातून परतावे लागले. पुढे न्यायालयाच्या आदेशाने ती संगीतिका २३ नोव्हेंबरला सुरू झाली. इतर नाटकांचे प्रेक्षक मात्र ताटकळत राहिले. काळ 'थँक्सगिव्हिंग'च्या सुट्टीचा होता. दूरवरून खास नाटकासाठी आलेल्या माणसाला तिकिटाचे पैसे परत मिळत होते. प्रवास, निवास आणि हुकलेला योग यांची भरपाई कोण करणार? ही निराशा खरी होती, आणि संपाचे समर्थन करणाऱ्यानेही तिला क्षुल्लक लेखू नये.

प्रश्न आहे तो निराशेचे रोषात रूपांतर होताना ती कोणती दिशा घेते, हा. त्या दिवसांत कामगारांच्या मिळकतीचे आकडे चवीने चर्चिले गेले. दोर ओढणाऱ्याला, फळ्या उचलणाऱ्याला इतके पैसे कशासाठी, असा सूर त्या चर्चेत होता. प्रमुख नटाच्या मानधनाविषयी हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण नटाचे काम प्रेक्षकाला दिसते. रंगमंच कामगाराच्या कौशल्याची कसोटी याच्या नेमकी उलट आहे. दृश्यबदल ध्यानात न येता झाला, तरच तो चांगला. ज्याचे उत्तम काम अदृश्य असते, त्याच्या कामाचे मोल प्रेक्षकाच्या नजरेने ठरविणे हा मूलतः चुकीचा न्याय आहे.

यासंदर्भात ब्रॉडवेच्याच वादकांचा मार्च २००३ मधील संप तुलनेसाठी घेता येईल. तोही किमान संख्येचाच वाद होता. वाद्यवृंदात किमान किती वादक असावेत, याचा. तेव्हा जवळजवळ सर्व संगीतिका चार दिवस बंद राहिल्या. पण वादक कमी झाले तर ध्वनी विरळ होईल, जिवंत वादनाऐवजी यंत्र ऐकावे लागेल, हे प्रेक्षकाला आपणहून उमजू शकत होते. त्या मागणीत त्याच्या कानाचे हित होते. कळसूत्रे हलविणाऱ्या माणसांची संख्या कमी झाली, तर प्रेक्षकाच्या अनुभवात लगेच काही उणे होत नाही. वाढतो तो रंगमंचावरच्या माणसांचा धोका. तो सभागृहातून दिसत नाही.

भरताची दृष्टी या बाबतीत अधिक व्यापक होती, असे म्हणावे लागते. नाट्यमंडळीची गणना करताना नाट्यशास्त्र नट आणि सूत्रधारापाशी थांबत नाही; मुकुट करणारा, माळा गुंफणारा, अलंकार घडविणारा, वस्त्रे रंगविणारा असे कारागीरही त्या गणनेत येतात. प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा करताना त्यात येणाऱ्या घातांचाही विचार केलेला आहे. पहिल्याच नाट्यप्रयोगात रुष्ट झालेल्यांनी विघ्न आणले, तेव्हा रक्षणाची व्यवस्था झाली हे खरे. परंतु ब्रह्मदेवाने त्यांच्याशी सामोपचाराने बोलणेही केले, हा त्या कथेचा भाग आपण सहसा विसरतो.

आपल्याकडील अनुभवाने या प्रश्नाला आणखी एक पैलू मिळतो. व्यावसायिक मराठी रंगभूमीवर मोबदला प्रामुख्याने प्रयोगागणिक, म्हणजे 'नाइट'च्या हिशेबाने मिळतो. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा पडद्यामागच्या माणसांचे उत्पन्नच थांबले. त्या वेळी कलावंतांनी, संस्थांनी आणि रसिकांनीही मदतीचा हात पुढे केला, हे निःसंशय गौरवास्पद आहे. परंतु या औदार्याशेजारी न्यूयॉर्कमधील रोष ठेवून पाहिला, म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो. असहाय कामगाराविषयी आपल्याला कणव वाटते. तोच कामगार अटी घालू लागला, की तो रसभंग करणारा ठरतो. कणव ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. हक्क तसा नसतो. दोन्ही प्रसंगी रंगमंच रिकामाच असतो; एका प्रसंगी त्या रिकामेपणाचे कारण कामगाराचा निर्णय असतो, एवढाच फरक. तो निर्णय घेण्याचा अधिकार ज्याला आपण नाकारतो, त्याला 'पडद्यामागचा कलावंत' म्हणून गौरविण्यात काही अर्थ उरत नाही.

संपाचा प्रत्येक प्रकार समर्थनीय असतो, असे येथे सुचवावयाचे नाही. वाढलेला खर्च अखेर तिकिटावर पडतो, हा निर्मात्यांचा मुद्दा प्रेक्षकाच्या हिताचा आहे आणि त्याची छाननी व्हावयास हवी. मात्र ती छाननी प्रयोग कसा उभा राहतो, हे जाणून केलेली असावी. येथे विद्यापीठीय अभ्यासाची जबाबदारी येते. आपले नाट्यविषयक प्रबंध बहुतांशी संहितेपाशी सुरू होतात आणि नट-दिग्दर्शकांपाशी संपतात. एखाद्या नाटकाचे नेपथ्य किती माणसे किती वेळात लावतात, एका दिवसात दोन गावी प्रयोग असतील तर ते कसे निभते, त्या अटींमुळे नेपथ्याची कल्पनाच कशी बदलते, हे प्रश्न प्रयोगाच्या अभ्यासाबाहेरचे नाहीत. पुस्तक आज वाचले नाही तर उद्या वाचता येते. हुकलेला प्रयोग साठवून ठेवता येत नाही. इतक्या नाशवंत वस्तूचा अभ्यास करणाऱ्याने ती रोज नव्याने उभी करणाऱ्या हातांची नोंद घेणे, हे किमान कर्तव्य होय.