अवजार फुकट, किल्ल्या परक्याच्या

उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची, हा प्रश्न गिरण्या-कारखान्यांपुरताच आहे, संगणकाच्या क्षेत्रात त्याला अर्थ उरलेला नाही, असे आपल्यातही बोलले जाते. मुक्त सॉफ्टवेअर तर सर्वांचेच. मग तेथे मालकीचा वाद कसला? या समजाची परीक्षा घ्यावयाची असेल, तर लिनक्सच्या इतिहासातील एक प्रकरण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावयास हवे.

अँड्रॉइड फोनपासून मोठमोठ्या सर्व्हरपर्यंत असंख्य यंत्रे ज्या गाभ्यावर चालतात, तो म्हणजे लिनक्स. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो लिहावयास घेतला आणि देशोदेशीच्या हजारो प्रोग्रामरांच्या सामुदायिक श्रमातून तो वाढला. इतकी माणसे एकाच संहितेवर काम करू लागली की कोणी, केव्हा, काय आणि का बदलले याची चोख नोंद लागते. जुन्या पद्धतीत ही नोंदवही एका मध्यवर्ती संगणकावर असे व तीत लिहिण्याचा हक्क मोजक्यांनाच. जणू तलाठ्याचे दप्तर. वितरित पद्धतीत प्रत्येकाजवळ पहिल्या नोंदीपासूनची संपूर्ण वही असते. आपल्या प्रतीत फेरफार करण्यास कोणाची अनुमती लागत नाही; ते फेरफार इतरांनी स्वीकारावेत की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

अशी पद्धत निवडण्याची वेळ लिनक्सवर २००२ साली आली. तोवर बदल ई-मेलने येत आणि टॉरवाल्ड्स ते स्वतः पाहून मुख्य संहितेत घालीत. काम तुंबू लागले, तेव्हा त्यांनी बिटकीपर हे वितरित अवजार निवडले. ते गुणवान होते, यात शंका नाही. परंतु ते बिटमूव्हर या अमेरिकन कंपनीच्या मालकीचे होते आणि त्याची मूळ संहिता खुली नव्हती. मुक्त प्रकल्पांना कंपनीने ते विनामूल्य दिले, पण अटी घालून. ते वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे अवजार घडवावयाचे नाही, ही त्यांतील एक अट. रिचर्ड स्टॉलमन यांच्यासह अनेकांनी आक्षेप घेतला. उत्तम अवजार मिळत असता तत्त्वाचा बाऊ कशाला, अशा व्यवहारवादाने तो बाजूस सारला गेला.

या व्यवहारवादाची किंमत २००५ च्या एप्रिलमध्ये कळली. अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामराने बिटकीपरच्या सर्व्हरशी संवाद साधणारे स्वतंत्र साधन लिहावयास घेतले होते. आपण बिटकीपर वापरलेलेच नाही, तेव्हा त्याचा परवाना आपल्याला बांधीत नाही, अशी त्यांची भूमिका होती. कंपनीने विनामूल्य आवृत्तीच काढून घेण्याचे जाहीर केले. एका माणसाच्या कृतीपायी साऱ्या समुदायाच्या हातचे अवजार गेले! कंपनीला दोष देऊन थांबणे सोपे आहे. तिने आपली मालमत्ता आपल्या हितासाठी वापरली. मालक तेच करतो. फुकट मिळणे आणि मुक्त असणे यांतील अंतर ज्यांनी ओळखावयाचे, त्यांनी ते ओळखले नाही, हा खरा धडा आहे.

पुढचे वळण अधिक बोधप्रद आहे. त्याच महिन्याच्या आरंभी टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहावयास घेतले. काही दिवसांतच गिट स्वतःच्याच संहितेची नोंद ठेवू लागले आणि जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या आधारे बाहेर पडली. मर्क्युरियल हे दुसरे मुक्त अवजारही त्याच एप्रिलमधले, त्याच संकटातून जन्मलेले. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचा ठसा तिच्या मजकुरावरून व आधीच्या नोंदीच्या ठशावरून गणिताने काढला जातो. जुन्या नोंदीत कोणी गुपचूप खाडाखोड केली, तर पुढचे सारे ठसे बदलतात आणि लबाडी उघडी पडते. ज्याच्याजवळ प्रत आहे, तो प्रत्येक जण येथे हिशेबतपासनीस असतो.

निवड कशी करावी, याचा वस्तुपाठ पायथॉन या संगणकभाषेच्या प्रकल्पाने दिला. बझार, गिट आणि मर्क्युरियल या तीन मुक्त अवजारांची त्यांनी उघडपणे, लेखी तुलना केली. २००९ साली मर्क्युरियलची निवड झाली व २०११ साली संहिता तेथे नेली गेली. पुढे २०१७ साली हाच प्रकल्प गिटकडे वळला व गिटहबवर गेला. संहितेचा सारा इतिहास बरोबर नेता आला, तो अवजार मुक्त होते म्हणून.

परंतु येथेच दुसरा धोका उभा राहतो. गिट मुक्त आहे. गिटहब ही मात्र एका कंपनीची जागा. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ती ७.५ अब्ज डॉलरला विकत घेतली. २०१९ साली अमेरिकेच्या निर्बंधांपोटी इराण, सीरिया व क्रिमिया येथील लोकांच्या खाजगी भांडारांचा मार्ग तेथे बंद झाला. इराणपुरती ही बंदी उठली ती २०२१ साली, अमेरिकन सरकारच्या परवान्याने. संहितेची प्रत प्रत्येकाजवळ असते हे खरे. पण तक्रारी, चर्चा, कोणाला कोणता अधिकार याची नोंद हे सारे कंपनीच्या आवारातच राहते. अवजार वितरित झाले म्हणून सत्ता वितरित होत नाही.

माणसे जेथे आहेत तेथे गेले पाहिजे, हे म्हणणे आपण हसण्यावारी नेऊ नये. नवा कार्यकर्ता येतो तो ओळखीच्या वाटेनेच, आणि एकट्या तत्त्वावर प्रकल्प चालत नाही. तेव्हा गिटहब वर्ज्य करा, असा फतवा काढण्यात अर्थ नाही. पण सामुदायिक काम उभारणाऱ्या प्रत्येकाने निवडीपूर्वी काही प्रश्न स्वतःस विचारावेत. हे अवजार उद्या मागे घेतले गेले, तर आपले काम चालू राहील काय? संहितेबरोबर चर्चेचीही प्रत आपल्याजवळ आहे काय? ही निवड एका नेत्याने केली की सर्वांसमक्ष, कारणे नोंदवून झाली? लिनक्सच्या मंडळींजवळ अवजार गेल्यावर दुसरे घडविण्याचे कसब होते. प्रत्येक संघटनेजवळ ते नसते. तिने हे प्रश्न आधीच विचारलेले बरे.